माउस की ट्रॅकबॉल? अक्षरं ओढणाऱ्या हाताची गोष्ट

 

विषय कळल्यावर दोघा-तिघांनी आम्हाला विचारलं, "माउस कुठला घ्यावा यावर तासभर काय बोलणार? एम. जी. रोडवरचा दुकानदार दोन मिनिटांत सांगतो." सांगतो, खरंय. पण त्याला आपण काय काम करतो हे माहीत नसतं आणि तो विचारतही नाही. आणि खरं सांगायचं तर आपल्यालाही कुठे माहीत असतं? आज त्यावरच बोलायचं आहे.

आम्ही म्हणजे तिघं. नाशिकमध्ये लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या, फ्लेक्स, पुस्तकांची मुखपृष्ठं असं मिळेल ते काम करतो. कोरलड्रॉवर दिवस जातो. आम्ही तंत्रज्ञ नाही आणि हाडांचे डॉक्टरही नाही. नाटक बघून आल्यावर जसं आपण बोलतो, हे जमलं, हे फसलं, का फसलं, तसंच या दोन वस्तूंबद्दल बोलणार आहोत.

सुरुवात रस्त्यापासून करू. उद्या सीबीएसवरून शालिमारमार्गे मेन रोडला चालत जा आणि फक्त फलकांवरची मराठी अक्षरं बघा. वाढदिवसाच्या शुभेच्छा, निवड झाल्याबद्दल अभिनंदन, २७ फेब्रुवारी जवळ आला की मराठी भाषा दिनाचे फलक. कुसुमाग्रजांच्या गावात ते असणारच. त्यातली निम्मी नावं आडवी ताणलेली दिसतील. काना खांबासारखा जाड आणि शिरोरेघ मात्र दोऱ्यासारखी बारीक. किंवा उलट, नाव लांब म्हणून दाबून बसवलेलं: काने काटकुळे आणि शिरोरेघ पाटीसारखी जाड.

हे का होतं? अक्षर फक्त आडवं ताणलं की उभ्या रेघांची जाडी वाढते, आडव्या रेघांची आहे तेवढीच राहते. दाबलं की उलटं. देवनागरीत हे जास्त खुपतं, कारण आपल्या अक्षराला डोक्यावर सलग आडवी रेघ आहे. जाडीतली गडबड त्या रेघेवर लगेच उघडी पडते. बोरूनं लिहिणाऱ्याच्या हातून हे होऊच शकत नव्हतं. बोरूच्या टोकाचा तिरका काप एकदा ठरला की कुठे जाड, कुठे बारीक हे त्या कापानंच ठरायचं. जागा कमी असली तर लिहिणारा अक्षर अरुंद काढायचा, रेघेची जाडी तीच ठेवून. मराठी नाटकांच्या जाहिरातींतली कमल शेडगे यांची अक्षरं आठवा. नाव चार अक्षरांचं असो की चौदा, दिलेल्या जागेत ते असं बसायचं की जणू जागा त्याच्यासाठीच कापली होती. ते बसवणं होतं. आपण करतो ते ताणणं.

आता आमचा मुद्दा. लोक म्हणतात ऑपरेटरला जाण नाही, म्हणून अक्षरं अशी होतात. आम्हाला हे अर्धंच खरं वाटतं. रात्रीचे अकरा वाजलेत, मशीनवर अजून आठ फ्लेक्स आहेत, कार्यकर्ते दारात गाडी सुरू ठेवून उभे आहेत. नाव जागेत बसत नाही. त्याच्यासमोर दोन रस्ते असतात. एक, बाजूचा चौकोनी ठिपका धरायचा आणि ओढायचा. एक क्लिक, एक हिसका, काम झालं. दुसरा, अक्षरं कर्व्ह करायची, एकेक नोड धरून काने आत सरकवायचे, वेलांट्या पुन्हा नीट करायच्या. पन्नास-साठ वेळा बटण दाबून धरायचं, ओढायचं, सोडायचं. सकाळपासून मनगट ठणकतंय. तुम्ही काय कराल? हाताला जे सोपं जातं तेच शेवटी रस्त्यावर टांगलं जातं. म्हणून हातातली वस्तू कोणती, हा प्रश्न ऑपरेटरच्या मनगटाचा आहे तसाच गावाच्या अक्षरांचाही आहे.

मग या दोन वस्तू मुळात कशासाठी जन्मल्या ते बघू.

ट्रॅकबॉल वयानं मोठा. दुसऱ्या महायुद्धानंतर लगेच, १९४६ साली, राल्फ बेंजामिन यांनी ब्रिटिश नौदलाच्या रडारसाठी तो बनवला. पडद्यावरच्या ठिपक्यावर खूण नेऊन ठेवायची, एवढंच त्याचं काम. १९५२च्या सुमारास कॅनडाच्या नौदलासाठी असंच यंत्र झालं, त्यात बोलिंगच्या खेळातला चेंडू बसवला होता. माउस त्यानंतरचा. डग्लस एंगलबार्ट यांची कल्पना, बिल इंग्लिश यांनी १९६४ साली लाकडाच्या खोक्यात तो घडवला, आणि ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत तो जगाला दाखवला. तिथेही काम मुख्यतः मजकुरातल्या जागेवर बोट ठेवण्याचं. गंमत म्हणजे केन्सिंग्टन कंपनीच्या एका नावाजलेल्या ट्रॅकबॉलचं नाव आजही 'एक्स्पर्ट माउस' आहे. म्हणजे आपल्या घोळाला उत्पादकांचाही हातभार आहे.

सांगायचं ते असं की दोघांपैकी एकही रेघ काढण्यासाठी जन्मलेला नाही. दोघं बोट दाखवणारे आहेत. आपण मात्र त्यांच्याकडून वेलांटी काढून घेतो.

इथे एक भेद नीट लक्षात ठेवा, बाकी सगळं त्यावर उभं आहे. पडद्यावर आपण दोनच प्रकारची कामं करतो. एक 'दाखवणं': जायचं, क्लिक करायचं, सुटायचं. मेनू उघडणं, रंग निवडणं, फाँट निवडणं. दुसरं 'ओढणं': बटण दाबून धरायचं आणि धरलेलं असतानाच हलवायचं. नोड सरकवणं, चौकट आखणं, फोटो जागेवर नेणं.

१९९१ साली मॅकेन्झी, सेलन आणि बक्स्टन या तीन संशोधकांनी माउस, ट्रॅकबॉल आणि टॅब्लेटवरचं पेन यांची या दोन्ही कामांत तुलना केली. तिन्ही वस्तूंना दाखवण्यापेक्षा ओढणं जड गेलं. वेळ जास्त लागला, चुकाही जास्त झाल्या. दाखवण्यात पेन पुढे होतं, ओढण्यात त्याची ती आघाडी राहिली नाही. ट्रॅकबॉल दोन्हीत तिसरा. कारण हात बघितला की कळतं. माउसमध्ये बटण बोट धरतं आणि हलवतो मनगट-दंड. दोन कामं, दोन वेगळे भाग. ट्रॅकबॉलमध्ये बटण धरणारा आणि गोळा फिरवणारा एकाच पंजातले शेजारी असतात. एकानं घट्ट धरायचं, दुसऱ्यानं सैल फिरायचं. तबला शिकलेल्यांना विचारा, एक बोट दाबून ठेवून दुसरं मोकळं चालवायला किती महिने लागतात.

मग ट्रॅकबॉल वाईट का? नाही, आणि इथे त्याची बाजू नीट मांडली पाहिजे. नाशिक रोडला नोटा आणि तिकिटं छापणारे छापखाने आहेत, म्हणून एक उदाहरण आपल्याला जवळचं वाटेल. धातूच्या पत्र्यावर हातानं कोरणारा कारागीर वळण काढताना हत्यार फार फिरवत नाही. हत्यार धरलेला हात स्थिर, खाली चामड्याची उशी, आणि तो पत्राच फिरवतो. ट्रॅकबॉलची कल्पना याच जातीची आहे: हात एका जागी निवांत, फिरतो तो गोळा. खांद्यापासून मनगटापर्यंतचं ये-जा थांबतं. टेबलावर पत्रिकांचे नमुने, चहाचा कप, प्रूफांची चळत असली तरी जागा पुरते. दिवसभर दाखवण्याचंच काम असेल, म्हणजे पानं लावणं, फोटो निवडणं, रंग सुधारणं, तर हा आराम खरा आहे.

आता आमचीच फजिती सांगतो. आमच्यातल्या एकाचं उजवं मनगट लग्नसराईत दुखायला लागलं. करंगळीच्या बाजूनं, रात्री जास्त. कुणीतरी म्हणालं ट्रॅकबॉल घ्या. आम्ही दुसऱ्या दिवशी घेऊन आलो, अंगठ्यानं फिरवायचा. पहिला आठवडा कौतुकात गेला. मनगट खरंच शांत झालं. तिसऱ्या आठवड्यात अंगठ्याचं मूळ बोलायला लागलं. साहजिक होतं. जे ओझं आधी दंड, मनगट, बोटं वाटून घेत होती ते सगळं आम्ही एकट्या अंगठ्यावर टाकलं होतं. शिवाय 'श्री'चे नोड नीट करायला आधीपेक्षा जास्त वेळ लागायला लागला, आणि वेळ लागतो म्हणून आम्हीही चक्क ताणायला लागलो! एका पत्रिकेच्या प्रूफवर वरबापांनी स्वतः विचारलं, "आमचं आडनाव असं फुगलंय का हो?" त्या दिवशी लाज वाटली.

तेव्हा आम्ही बसून एक साधी गोष्ट केली. कागदावर दोन रकाने आखले, 'दाखवलं' आणि 'ओढलं'. एकानं काम करायचं, दुसऱ्यानं शेजारी बसून रेघा मारायच्या. एक तास पत्रिकेचा, एक तास पुस्तकाच्या पानांचा. पत्रिकेच्या तासात ओढण्याच्या रेघा जास्त निघाल्या, पानांच्या तासात दाखवण्याच्या. दोन्ही कामं 'ग्राफिक डिझाइन'च. पण हाताच्या दृष्टीनं ते दोन वेगळे धंदे आहेत. दुकानदार, जाहिराती, "डिझायनरसाठी सर्वोत्तम" म्हणणाऱ्या याद्या, सगळे इथेच चुकतात. डिझायनर नावाचा एकच हात आहे असं ते धरून चालतात.

खोक्यावरच्या आकड्यांचंही बघू, कारण फसवणूक तिथे सर्वात जास्त आहे. खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, ६४०० डीपीआय. म्हणजे काय? माउस एक इंच सरकला की तो ६४०० पावलं मोजतो. आपला पडदा साधारण १९२० ठिपके रुंद. वेगाची इतर कुठली सेटिंग मध्ये नसेल तर पाव इंचाच्या थोडं पुढे हात गेला की बाण या टोकापासून त्या टोकाला! अशा माउसनं 'ळ'ची गाठ कोण नीट करणार? ८०० वर ठेवलात तर तेवढ्याच अंतराला साधारण अडीच इंच हात चालतो, आणि त्यात थांबता येतं. आकडा मोठा म्हणजे नेम चांगला असं मुळीच नाही. आमचा अनुभव ८०० ते १६०० च्या मध्ये कुठेतरी.

अचूकपणा खरा कुठून येतो ते गणितानं बघा. वीस फुटी फ्लेक्स अख्खा पडद्यावर दिसतोय. वीस फूट म्हणजे २४० इंच, पडदा १९२० ठिपक्यांचा. म्हणजे एक ठिपका अष्टमांश इंच, तीन मिलिमीटरच्या वर. हात एका ठिपक्यानं चुकला तर चौकात ती चूक तीन मिलिमीटरची. तोच पडदा साडेतीन इंची व्हिजिटिंग कार्डानं भरला असेल तर एक ठिपका म्हणजे इंचाचा पाचशेवा भागही नाही. तेव्हा महागडी वस्तू घेण्याआधी झूम करायला शिका, तो फुकट आहे. आणि शेवटचा केसभर सरकवण्याचं काम हातानं करूच नका. नोड निवडा आणि बाणाच्या कळांनी सरकवा. कोरलमध्ये कंट्रोल धरून बाण दाबला की पाऊल आणखी बारीक पडतं.

आता निकाल. समीक्षकानं शेवटी सांगायलाच हवं, बघावं की बघू नये.

पत्रिका, बोधचिन्हं, अक्षरांचे नोड, कटिंग प्लॉटरची कामं, असा ज्यांचा दिवस ओढण्यात जातो त्यांनी माउसच ठेवावा. पण हाताला भरेल असा. मुठीत बुडून जाणारा इवलासा, लॅपटॉपबरोबरच्या पिशवीतला नको. पंजा त्यावर टेकला पाहिजे. बटण हलकं हवं, कारण दिवसभर ते दाबून धरायचं आहे. आणि अंकांची पट्टी नसलेला छोटा कीबोर्ड घ्या. त्या पट्टीमुळे माउस आणखी उजवीकडे जातो आणि हात दिवसभर बाहेर फाकलेला राहतो. आमच्या मनगटाला सर्वात जास्त फरक कीबोर्ड बदलल्यानं पडला, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

पानं लावणारे, फोटो सुधारणारे, ज्यांचं काम दाखवण्याचं, त्यांनी ट्रॅकबॉल जरूर बघावा. पण मोठ्या गोळ्याचा, दोन-तीन बोटांनी फिरवायचा. अंगठ्याचा आमच्या अनुभवात नको. मोठ्या गोळ्याचे बरेचसे दोन्ही हातांना चालतात. आणि ओढण्याची अडचण सोडवायला विंडोजमध्येच सोय आहे, क्लिकलॉक. बटण क्षणभर दाबलं की ते धरलेलंच राहतं, पुन्हा दाबलं की सुटतं. गोळा मग मोकळेपणी फिरवता येतो. आठवड्यातून एकदा गोळा काढून खालचे तीन बारीक टेकू पुसायचे. आपल्याकडची धूळ आणि हाताचं तेल मिळून तिथे चिकट थर बसतो आणि बाण अडखळतो. हे कष्ट नको असतील तर घेऊ नका.

ज्यांना अक्षरं मुळातून काढायची आहेत, त्यांनी दोन्ही सोडून पेन-टॅब्लेट घ्यावा. रेघ काढायला पेनासारखी वस्तू हवी, हे बोरूनं आपल्याला कधीच सांगून ठेवलंय.

आमची स्वतःची सोय आता अशी: उजव्या हाताला माउस, डाव्या हाताला बोटांचा ट्रॅकबॉल. ओढायचं ते उजव्यानं, सरकणं-निवडणं डाव्यानं. संध्याकाळी हात बदलतो. दुखणं गेलं असा दावा नाही. ते वाटलं गेलं. आणि दुखणं दोन आठवड्यांच्या वर टिकलं तर कुठलीही वस्तू विकत घेण्याआधी डॉक्टरला दाखवा.

मघाशी एका मुलीनं चिठ्ठी पाठवली आहे. ती लिहिते, "सर, मी डावखुरी आहे. दुकानात तीन पाळ्यांत एकच मशीन. माउस उजव्या हाताचा, तारही आखूड. मालकांना काय सांगू?"

ताई, हा आजचा सर्वात महत्त्वाचा प्रश्न आहे. आम्ही तासभर 'निवड' म्हणतोय, पण बहुतेक ऑपरेटरना निवड नसतेच. माउस मालक आणतो, तोही मशीनबरोबर आलेला किंवा सर्वात स्वस्त. लाखो रुपयांचं छपाई मशीन घेताना तो दहा ठिकाणी चौकशी करतो. त्या मशीनला काम पुरवणाऱ्या हातासाठी तीनशे रुपयांच्या पुढे जात नाही. तुमचा स्वतःचा, दोन्ही हातांना चालेल असा सरळ आकाराचा माउस पिशवीत ठेवा. विंडोजमध्ये बटणं उलटी करता येतात, पाळी संपली की परत सुलटी करा. आणि मालकांना आरोग्याची भाषा कळत नसेल तर धंद्याची सांगा: मनगट दुखणारा माणूस नोड सरकवत नाही, तो ताणतो, आणि ताणलेलं नाव बघून गिऱ्हाईक पुढच्या वेळी शेजारी जातं.

इथे बसलेल्या मालकांना आणखी एक. नाव बसत नाही म्हणून ओढावं लागतं, तर ओढण्याची गरजच कमी करता येते. एक टाइप या मुंबईच्या चमूनं 'अनेक' नावाचा फाँट केलाय, २०२२पासून मोफत मिळतो. त्यात देवनागरीची जाडी तर बदलतेच, रुंदीही बदलते. अरुंद हवं तर अरुंद रूप यादीतून निवडायचं. कान्याची आणि शिरोरेघेची जाडी आखणाऱ्यानंच सांभाळलेली आहे. म्हणजे जे काम ओढण्याचं होतं ते दाखवण्याचं झालं. एक क्लिक. रात्री अकरा वाजता थकलेल्या हातालाही ते जमतं. चांगलं साधन आम्ही यालाच म्हणतो: बरोबर गोष्ट त्यात चुकीच्या गोष्टीइतकीच सोपी असते.

सिंहस्थ येतोय. २०२७मध्ये पंचवटीपासून त्र्यंबकपर्यंत फलकच फलक असतील आणि देशभरातून आलेली माणसं ते वाचतील. ते बनवणारे हात इथल्याच गल्ल्यांतले असतील, रात्रपाळीचे. उद्या दुकानात गेलात की एवढंच करा: एक तास शेजारी बसा, दोन रकाने आखा, रेघा मारा. मग एम. जी. रोडला जा. दुकानदारानं विचारलं, "कुठला दाखवू?" तर तुमच्याकडे उत्तर असेल.